छताला टेकलेले रबराचे झाड

रोपवाटिकेतून घरी येते तेव्हा रबराचे झाड हातभर उंचीचे असते. सहा-सात पाने, जाड, तुकतुकीत, गडद हिरवी. शेंड्याला तांबूस म्यान आणि त्या म्यानात गुंडाळलेले पुढचे पान. बैठकीच्या कोपऱ्यात ते ठेवले की कोपरा भरल्यासारखा वाटतो. पुढची काही वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. मग एके दिवशी लक्षात येते, की शेंडा पंख्याच्या पात्यांशी भिडला आहे, खालची पाने गळून बुंधा उघडा पडला आहे आणि सारा भार वर गेल्यामुळे कुंडी जरा धक्का लागताच कलते आहे. आमच्या बालाघाटात जुन्या कौलारू घरांच्या जागी दहा फुटी छताची सिमेंटची घरे उभी राहिल्यापासून हा प्रश्न आमच्यापुढे इतक्यांदा आला आहे, की या खेपेचे पान त्यालाच द्यावे असे आम्ही ठरविले.

यात झाडाचा दोष काही नाही. त्याचे कुळ वडा-पिंपळाचे आणि उंबराचे. आसाम-मेघालयाच्या ओल्या रानात ते शंभर फुटांपर्यंत जाते. बैठकीत आपण जे ठेवतो ते शोभेचे रोप नसून वृक्षाचे बालपण असते, एवढेच आपण विसरतो. शास्त्रज्ञांना त्याची ओळख झाली तीही मोठ्या गमतीने. सन १८१० मध्ये सिल्हेटहून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे मधाने भरलेले एक वेताचे भांडे आले. वेताच्या टोपलीत मध राहतोच कसा? पाहिले तेव्हा कळले, की डोंगरातील एका झाडाचा चीक आतून लिंपून तेथील लोकांनी ते भांडे गळके होऊ दिले नव्हते. ते झाड म्हणजे आपले हेच. पुढे आसामात त्याची सरकारी लागवडही झाली. पण सन १८७६ मध्ये ब्राझीलमधील निराळ्या रबरवृक्षाचे बी लंडनला पोचले, तेथून त्याची रोपे पूर्वेकडे आली आणि आपल्या झाडाचा धंदा संपला. केरळातील रबराचे मळे त्या ब्राझीली वृक्षाचे. तेव्हा "याच्यापासून रबर निघेल का?" असे विचारणाऱ्या बालगोपाळांना सांगावे, की निघेल, पण खोडरबराइतकेही पुरणार नाही.

याच झाडाच्या वाढीला मेघालयातील खासी लोकांनी जे वळण दिले आहे, ते पाहिले म्हणजे आपल्या कुंडीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ओढ्याच्या काठावरील झाडाची हवेत लोंबणारी मुळे ते पोकळ केलेल्या सुपारीच्या खोडांतून पलीकडच्या काठाकडे नेतात. मुळे तेथे जमिनीत रुजतात, जाड होतात, एकमेकांत गुंततात आणि पंधरा-वीस वर्षांनी माणसांच्या येण्याजाण्याचा पूल तयार होतो. वाढ हवी तिकडे नेण्यासाठी तेथे वर्षानुवर्षे कोणाचा तरी हात झाडावर असतो. आपण मात्र कुंडी आणतो, पाणी घालतो आणि पुढे सारे त्याच्यावर सोपवितो.

घरातल्या झाडावर हात ठेवायचा म्हणजे मुख्यतः शेंडा खुडायचा. येथेच बहुतेक घरांत वाद सुरू होतो. वाढत्या झाडाला कात्री लावणे आपल्याकडे अशुभ नसले तरी निष्ठुर समजले जाते. पण याच घरांतून थंडीच्या दिवसांत हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून आणून त्याची भाजी होते, आणि शेंडे खुडल्याने हरभरा अधिक फुटतो हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. रबराच्या झाडातही तोच न्याय. शेंड्यात तयार होणारे एक संजीवक खाली उतरत असते आणि पानांच्या बगलेतील डोळ्यांना ते निजवून ठेवते. शेंडा गेला, की ते डोळे जागे होतात. एकाऐवजी दोन-तीन फांद्या निघतात आणि झाड उंच होण्याऐवजी डेरेदार होते. या कुळाची सोशिकता किती असावी? कलकत्त्याजवळ शिवपूरच्या उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाचा मुख्य बुंधा बुरशीने कुजला म्हणून सन १९२५ मध्ये तोडून काढावा लागला. तो वड पारंब्यांच्या आधारावर आजही उभा आहे.

काळ मात्र सांभाळला पाहिजे. वैशाखातल्या लूमध्ये आणि पौषातल्या थंडीत कात्री लावू नये. त्या वेळी झाड फुटत नाही, नुसते ठुंठ होऊन बसते. आमच्याकडे आर्द्रा नक्षत्राचा पाऊस पडून हवेत ओल आली, की दिवस योग्य. जेथे नवी फांदी हवी त्या पेराच्या किंचित वर, धारदार चाकूने एका घावात काप द्यावा. पांढरा चीक भळभळा येईल. त्याने घाबरू नये, पण तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. कातडीलाही तो काहींना झोंबतो आणि कपड्यावरचा डाग निघत नाही. जमिनीवर जुने वर्तमानपत्र अंथरावे, काप ओल्या फडक्याने दाबून धरावा. थोड्या वेळाने चीक थांबतो.

कापलेला शेंडा फेकावा असे नाही. झाड फारच उंच झाले असेल तर कापण्यापूर्वी त्यावर गुटी बांधावी. हवी त्या उंचीवर इंचभर रुंदीची साल गोलाकार काढावी, आतला बुळबुळीत थर खरवडावा, चीक पुसून भिजवलेले शेवाळ मुठीएवढे गुंडाळावे आणि वरून प्लास्टिकचा कागद दोन्ही टोकांना घट्ट बांधावा. पानांनी केलेले अन्न खाली उतरू शकत नाही, तेथेच साठते आणि दीड-दोन महिन्यांत शेवाळात पांढरी मुळे दिसू लागतात. मग त्याखाली कापून नव्या कुंडीत लावावे.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध मातोश्रींच्या घरी याच कारणाने दोन वर्षे अबोला होता. झाड त्यांच्या दिवंगत यजमानांनी निवृत्तीच्या वर्षी आणलेले. छताला टेकून शेंडा वाकला, पंखा बंद ठेवावा लागला. सूनबाई म्हणत, देऊन टाका. मातोश्री म्हणत, मी आहे तोवर नाही. चिरंजीव दोघींमध्ये सापडलेले. शेवटी गुटी बांधली. आता जुना बुंधा कमरेइतक्या उंचीवर तीन फांद्यांनी फुटून त्यांच्या खोलीच्या खिडकीशी आहे आणि त्याचा शेंडा पुण्यात नातवाच्या बाल्कनीत. दोन्ही एकच झाड, हे मातोश्री आल्यागेल्याला सांगतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते अक्षरशः खरे आहे.

वरच्या इतकेच खालीही लक्ष हवे. दर वेळी मोठी कुंडी देत गेले, तर झाड ते आमंत्रणच समजते. दोन-तीन वर्षांनी पावसाळ्यात झाड मातीसकट बाहेर काढावे, कुंडीच्या कडेने वेटोळी घातलेली मुळे कात्रीने कमी करावीत आणि ताजी माती व थोडे शेणखत घालून त्याच कुंडीत परत बसवावे. शेंडा कापला त्याच मोसमात हे केले तर झाडाला झेपते. वर पाने कमी झालेली असतात. पाणी वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावर, आणि थंडीत त्याहून कमी. ही झाडे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूच्या डासाला तेवढी बशी पुरते. पाने आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावीत आणि कुंडी अधूनमधून थोडी फिरवावी, नाहीतर झाड खिडकीकडे झुकते.

इतका खटाटोप कशाला, अंगणात लावून टाकू, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आमचा स्पष्ट विरोध आहे. कुंडीत निमूट बसलेले हे झाड जमिनीत गेले, की आपले कूळ दाखविते. शहरातील एका घरी कुंपणाच्या भिंतीलगत लावलेल्या रबराच्या झाडाने काही वर्षांत ती भिंत उचलून फोडलेली आम्ही पाहिली आहे, आणि शेजाऱ्याच्या शौचकूपाच्या टाकीपर्यंत मुळे गेल्यावर जे बोलणे झाले ते येथे लिहिण्याजोगे नाही. घर, विहीर, टाकी, नळ या सर्वांपासून निदान पन्नास फूट अंतर मिळत असेल तरच जमिनीचा विचार करावा. तेवढी मोकळी जागा आता कितीजणांकडे उरली आहे?

म्हणूनच की काय, पाऊस सुरू झाला म्हणजे ही झाडे सरकारी शाळेकडे येतात. बदली झालेले अधिकारी, घर विकणारे गृहस्थ, नवा सोफा घेतलेल्या गृहिणी, सर्वांना त्या दिवसांत विद्यादानाची आठवण होते. झाडाला आम्ही नाही म्हणत नाही, पण प्रथम विचारतो, की याचा शेंडा कापून आपणच ठेवता येईल का? निम्मे लोक कात्री घेऊन परत जातात. गेल्या पावसाळ्यात तरीही तीन झाडे आली. दोन मैदानाच्या पार टोकाला, वर्गखोल्यांपासून दूर लावली. मुले त्यांना कुंपण करून पाणी घालतात. तिसरे आमच्या कार्यालयात आहे. छताशी त्याचे अजून चार फुटांचे अंतर असून आषाढात त्याचा शेंडा खुडायचा आहे. आठवीच्या मुलांना चाकू कसा धरायचा ते तेव्हाच दाखवू.