टॅबलेटची काच खरोखरच गेली आहे का?

टॅबलेट चालू होतो, चित्र स्वच्छ दिसते, कोपऱ्यातले घड्याळ मिनिटामिनिटाला पुढे सरकते. पण काचेवर कितीही बोटे फिरवा, तो ढिम्म हलत नाही. असा टॅबलेट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. थोडी चौकशी केली की पुष्कळदा असे निघते, की आदल्याच दिवशी कोणीतरी त्यात 'नवे फर्मवेअर' घातले होते. टॅबलेट सावकाश चालत होता, आणि दिसायला अगदी तसाच असलेल्या दुसऱ्या टॅबलेटचे फर्मवेअर कोठून तरी मिळाले, एवढेच कारण पुरेसे झाले. पुढे तो दुकानात गेला की ठरलेले उत्तर येते : "टच गेला, काच बदलावी लागेल." माझे मत असे, की अशा वेळी हे निदान बहुधा घाईचे असते आणि त्या घाईपायी धडधाकट वस्तू भंगारात जाते. असे का म्हणतो ते सांगायला थोडे पदार्थविज्ञान लागेल.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल. त्या जाळ्यासारखेच एक जाळे टॅबलेटच्या काचेखाली पसरलेले असते. फरक इतकाच, की ते डोळ्यांना दिसत नाही, कारण ते इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक आणि तरीही विद्युत्‌वाहक असलेल्या पदार्थाच्या पातळ पट्ट्यांचे केलेले असते. काही पट्ट्या उभ्या, काही आडव्या, आणि दोहोंमध्ये विद्युत्‌रोधक थर. जेथे उभी पट्टी आडवीवरून जाते तेथे एक चिमुकले धारित्र तयार होते. आपले शरीर वाहक आहे. बोट जवळ आले की त्या ठिकाणच्या विद्युत्‌क्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो आणि त्या धारित्राची धारकता किंचित घटते. किंचित म्हणजे किती? साधारणपणे एका पिकोफॅरडहूनही कमी, आणि पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा दशलक्षांश भाग घेऊन त्याचा पुन्हा दशलक्षांश! एवढा बारीक फरक टिपणारी एक चिप पडद्याला जोडलेली असते. तिला स्पर्श-नियंत्रक म्हणू. ही चिप सेकंदाला कित्येक वेळा सगळे जाळे तपासते आणि कोणत्या गाठीपाशी धारकता घटली ते पाहते.

येथे दाबण्याचा संबंध नाही, हे लक्षात घ्या. म्हणून पेन्सिलीच्या लाकडी टोकाने काही होत नाही, आणि उलट समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे थेंब पडले तर पडदा स्वतःच वेड्यासारखा उघडझाप करू लागतो. रापणीवरून ओल्या हाताने येऊन मोबाइल हाताळणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे. या प्रकारच्या स्पर्शपटलाची कल्पना इ. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. ते इंग्लंडमधील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट या संस्थेत काम करीत. ती संस्था ज्या गावात होती त्याचे नाव मॉल्व्हर्न. आपल्या मालवणशी त्याचे नाते फक्त उच्चारापुरतेच, पण मला हा योगायोग गमतीचा वाटतो.

आता मुद्द्याकडे येऊ. बोट कोठे टेकले हे स्पर्श-नियंत्रकाला कळले, तरी ते मुख्य प्रोसेसरला कळवावे लागते. बहुतेक टॅबलेटांत हे काम 'आय-टू-सी' नावाच्या दोन तारांच्या मार्गावरून होते. या मार्गावर प्रत्येक चिपला एक पत्ता असतो. प्रोसेसर पत्ता पुकारतो. त्या पत्त्याची चिप असली तर 'हजर' म्हणते, नसली तर मार्ग गप्प राहतो. वर्गातली हजेरीच म्हणा ना! कोणाला कोणत्या पत्त्यावर हाक मारायची, तो कोणत्या भाषेत उत्तर देईल, पडद्यावर आडवे आणि उभे बिंदू किती, डावी बाजू कोणती आणि उजवी कोणती, ही सारी माहिती फर्मवेअरमध्ये लिहिलेली असते. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या स्मृतीत कायम बसवलेली, त्या यंत्राला त्याचे स्वतःचे अवयव ओळखायला शिकवणारी आज्ञावली. हा शब्द अ‍ॅशर ऑपलर यांनी १९६७ साली वापरात आणला. तेव्हा त्याचा अर्थ आजच्यापेक्षा आकुंचित होता.

समजा, एखादा तांडेल विजयदुर्गच्या बंदराचा नकाशा घेऊन मालवणच्या बंदरात शिरू लागला. नकाशा खोटा नाही, होडी फुटकी नाही. पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाण्याखालचे खडक त्या नकाशात कसे सापडणार? परक्या फर्मवेअरचे असेच होते. त्यात लिहिलेल्या पत्त्यावर प्रोसेसर हाक मारतो, तेथे कोणीच नसते, आणि खरा स्पर्श-नियंत्रक दुसऱ्या पत्त्यावर कोणी बोलावील याची वाट पाहत बसतो. तुमचे बोट त्याला जाणवत असते. विचारणारे कोणी नसते!

कधी कधी चूक अर्धीच असते, आणि ती फार बोलकी असते. तुम्ही डावीकडे टेकता आणि उजवीकडचे चित्र उघडते : आडवा अक्ष उलटा झाला. बोट वरून खाली नेले की पडदा आडवा सरकतो : दोन अक्षांची अदलाबदल झाली. किंवा उजवीकडची एक पट्टीच निर्जीव राहते. यात साधे गणित आहे. चित्रपटलावर आडवे १०२४ बिंदू आहेत, पण स्पर्श-नियंत्रकाला फक्त ८०० पर्यंतच मोजायला सांगितले आहे, असे धरा. अगदी उजव्या कडेला बोट टेकले तरी तो '८००' एवढेच कळवतो. मग शेवटच्या २२४ बिंदूंवर, म्हणजे पडद्याच्या सुमारे २२ टक्के भागावर, स्पर्श कधी पोचतच नाही. फुटलेल्या काचेत असे नीटनेटके दोष सहसा आढळत नाहीत. दोष इतका शिस्तीचा असला की संशय आकड्यांवर घ्यावा.

"पण दोन्ही टॅबलेट एकाच नावाचे होते की!" असे तुम्ही म्हणाल. नावावर विसंबू नका. 'आकाश' टॅबलेटचेच उदाहरण घ्या. विद्यार्थ्यांना स्वस्त टॅबलेट मिळावा म्हणून केंद्र सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी पहिला 'आकाश' सादर केला. दुसऱ्या आवृत्तीच्या कामाची सूत्रे पवईच्या आयआयटी मुंबईकडे होती, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचे प्रकाशन झाले. नाव एक, पडदा दोहोंचा सात इंची. आत मात्र पहिल्याचा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्‌झचा, तर दुसऱ्याचा १ गिगाहर्ट्‌झचा. पहिल्याचे स्पर्शपटल रोधावर चालणारे, म्हणजे दाबल्यावर दोन थर एकमेकांना टेकणारे. दुसऱ्याचे वर सांगितल्याप्रमाणे धारकतेवर चालणारे. भौतिक तत्त्वच निराळे! ती योजना पुढे थांबली. पण बाजारात आलेल्या असंख्य स्वस्त टॅबलेटांत एकाच नमुन्याच्या दोन खेपांमध्येही स्पर्श-नियंत्रक वेगवेगळे असू शकतात. त्या महिन्यात जी चिप स्वस्त मिळाली ती कारखान्याने बसवली, असा हा मामला. इतकेच काय, काही नियंत्रकांना दर वेळी चालू होताना त्या विशिष्ट काचेची माहिती प्रोसेसरकडून मिळावी लागते. तेथे चिप तीच असूनही भागत नाही. हल्लीचे बरेच चांगले टॅबलेट परके फर्मवेअर आधीच नाकारतात, पण सगळेच नाही.

मग असा टॅबलेट हाती आला तर काय करावे? पुष्कळ जण 'फॅक्टरी रिसेट' करून पाहतात. त्याने तुमची छायाचित्रे आणि टिपणे मात्र जातात. मूळ फर्मवेअर परत येत नाही, कारण आत जे चुकीचे बसले आहे तेच तसेच राहते. त्याऐवजी एक साधा प्रयोग करा. ओटीजी तार लावून टॅबलेटला संगणकाचा माउस जोडा. पडद्यावर बाण दिसला आणि त्याने सगळे उघडू लागले, तर प्रोसेसर, स्मृती आणि चित्रपटल ठीक आहेत हे सिद्ध झाले. दोष फक्त स्पर्शाच्या वाटेवर उरला. फर्मवेअर बदलण्याच्या क्षणापर्यंत स्पर्श चालत होता आणि टॅबलेट मध्यंतरी पडला नव्हता, तर काचेवर आळ घेण्याचे कारण नाही. माउस चालतो आहे तोवर आतल्या फाइलींची प्रतही काढून घ्या.

खरा उपाय म्हणजे मूळ फर्मवेअर परत घालणे. त्यासाठी मागच्या झाकणावरचे नाव पुरत नाही. आतल्या हिरव्या पाटीवर छापलेला क्रमांक आणि त्यापुढचा आवृत्तीचा अंक लागतो. झाकण शिक्षकांच्या किंवा जाणकाराच्या देखरेखीखालीच उघडा, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर मुळीच उघडू नका; लिथियमची बॅटरी टोचली गेली तर पेट घेते. शाळेत त्याच खेपेचा, त्याच पाटीचा चालू टॅबलेट असेल तर जाणकार त्याच्यावरून प्रत काढू शकतो. भरताना विद्युतघट निदान अर्धा भरलेला असावा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि मध्येच काम तुटले तर टॅबलेट चालू होणेही बंद होऊ शकते.

येथे मला विक्रेत्यांविषयी आणि खरेदी करणाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. पाटीचा क्रमांक, स्पर्श-नियंत्रकाचे नाव आणि मूळ फर्मवेअरची प्रत ही गुपिते का असावीत? पंपाबरोबर त्याच्या सुट्या भागांची यादी येते, टॅबलेटबरोबर का येऊ नये? ग्राहकांना दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणून केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केले, हे चांगलेच झाले. पण शाळांनी त्यावर थांबू नये. वीस-पंचवीस टॅबलेट एकदम घेताना या तीन गोष्टी लेखी मागाव्यात, आणि न देणाऱ्याकडून घेऊ नयेत. किमतीत शंभर-दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा हे अधिक शहाणपणाचे आहे. तुमच्या शाळेत टॅबलेट असतील तर आजच कोणी तरी मुख्याध्यापकांना विचारा, की त्यांच्या खेपांची नोंद कोठे आहे.

योग्य फर्मवेअर भरूनही स्पर्श परत आला नाही, तर मात्र काचेपासून पाटीपर्यंत जाणारी चपटी फीत पाहावी. ती सैल झाली असेल, किंवा आपल्या खाऱ्या, दमट हवेने तिच्या टोकांवर गंज धरला असेल. बॅटरी सोडवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोके हलकेच पुसून, पुरती वाळल्यावर फीत नीट बसवावी. त्यानंतरही पडदा गप्पच राहिला, तर दुकानदाराचे म्हणणे खरे मानून काच बदलायला हरकत नाही.