रिपोर्टवर सही कोणाची?

‘सत्तर तपासण्या हजार रुपयांच्या आत, रक्त घरी येऊन नेणार’ अशा जाहिराती आता तालुक्याच्या गावातही दिसतात. पण लॅब विश्वासार्ह आहे की नाही, हे दरावरून किंवा रंगीत रिपोर्टवरून कळत नाही. औषधाचा डोस याच आकड्यांवर ठरतो. आकडा चुकला तर उपचारही चुकतो.

रुग्णाने आधी सही पाहावी. लॅबचा रिपोर्ट पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच प्रमाणित करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. तंत्रज्ञ रक्त घेतो, यंत्र चालवतो; रिपोर्टची जबाबदारी मात्र डॉक्टरची. म्हणून रिपोर्टवर त्यांचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसती छापील सही असेल आणि डॉक्टर लॅबमध्ये कधी भेटतात हे कोणी सांगत नसेल, तर सावध व्हावे.

दुसरी खूण ‘एनएबीएल’ मान्यतेची. ही मान्यता ऐच्छिक आहे आणि ती ठरावीक तपासण्यांपुरतीच असते. त्यामुळे ‘माझी तपासणी त्यात येते का?’ हे विचारावे. रक्त फक्त गोळा करणाऱ्या केंद्रावर पाटी मोठी असली, तरी तपासणी कुठल्या लॅबमध्ये होणार, हेही विचारावे.

तिसरी गोष्ट नमुन्याची. साध्या ट्यूबमधले रक्त तसेच राहिले तर त्यातील साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. म्हणून साखरेसाठी फ्लोराइड असलेली वेगळी ट्यूब वापरतात. हाताळताना लाल पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. ट्यूबवर नाव रुग्णासमोरच लिहिले जाते का, नमुना लॅबमध्ये किती वेळात पोहोचतो, हे पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.

ही चौकशी रुग्णावर येऊन पडते, कारण केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही आणि राज्याचा १९४९ चा कायदा शुश्रूषागृहांसाठी आहे. लॅबसाठी स्वतंत्र नोंदणी आणि तपासणीची यंत्रणा उभी करणे, हे शासनाचे काम आहे.

तोवर एक साधा नियम पाळावा. रिपोर्ट लक्षणांशी जुळत नसेल, तर घाबरून औषध सुरू किंवा बंद करू नये. डॉक्टरांना दाखवून तपासणी पुन्हा करावी. चांगली लॅब अशा शंकेने चिडत नाही, नमुना पुन्हा तपासून देते.