रुग्णालयाची चादर कोण धुतो?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने ज्या चार श्रमसंहिता अमलात आणल्या, त्यांपैकी कामगारांची सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती यांविषयीची २०२० ची संहिता कार्यकर्त्यांनी एकदा मुळातून वाचावी. आस्थापनेच्या ‘मुख्य कामा’त कंत्राटी कामगार नेमण्यास ही संहिता सामान्यतः मनाई करते. परंतु ‘मुख्य काम’ म्हणजे काय हे सांगताना कोणती कामे आवश्यक मानू नयेत, याची एक यादीच तिने दिली आहे. त्या यादीत झाडलोट आहे, पहारा आहे, उपाहारगृह आहे, बागकाम आहे आणि त्याच रांगेत कपड्यांची धुलाईही आहे. आस्थापना खास त्याच कामासाठी उभारलेली नसेल, तर धुलाई हे केवळ साहाय्यभूत काम समजावे, असा याचा अर्थ. एखाद्या कंपनीच्या कचेरीतील पडद्यांना हा नियम लावला तर फारसे बिघडत नाही. पण रुग्णालयाच्या चादरीला तो लावला तर काय होते, याचा विचार संहिता करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

रुग्णालयातील धुलाई हा उपचाराचाच भाग आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावरची चादर, बाळंतिणीच्या खाटेवर मेणकापडावर अंथरलेले वस्त्र, नवजात बालकाला गुंडाळलेले दुपटे, परिचारिकेचा गणवेश ही सारी वस्त्रे एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे जात असतात, आणि जाताना रक्त, पू व मलमूत्र यांबरोबर रोगाचे बीजही नेत असतात. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर, कपड्याच्या घडीत दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो. ‘ब’ प्रकारच्या कावीळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस टिकतो. डॉक्टरने अचूक औषध द्यावे आणि खाटेवरच्या चादरीने नवा रोग द्यावा, यात रुग्णाची सुटका कोठे झाली?

हा धडा नवा नाही. १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, तेव्हा तेथे धुलाईची व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. त्यांनी एक घर भाड्याने घेऊन तेथे पाणी उकळण्याचे बंब बसविले आणि सैनिकांच्या बायकांना मजुरी देऊन धुण्याच्या कामावर नेमले. पुढे १८५५ मध्ये गटारे व पाणी यांची दुरुस्ती झाली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. जखमी सैनिकांचे प्राण तेव्हा नव्या औषधाने नव्हे, तर स्वच्छतेने वाचले.

महाराष्ट्राच्या अनुभवाची दुसरी बाजू अधिक कडू आहे. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये मुंबई-पुण्यात सरकारला गरिबांच्या घरातील रोग दिसला, तेव्हा त्यांची अंथरुणे-पांघरुणे रस्त्यावर आली आणि कित्येकांची जाळून टाकण्यात आली. त्या जाचातून उसळलेल्या संतापाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. सत्तेला भीती वाटली की गरिबाचा कपडा जाळला जातो. भीती ओसरली की तो धुण्याची सोय करण्याचे कोणालाच स्मरण राहत नाही.

सुरक्षित धुलाई म्हणजे काय, हे सांगणे अवघड नाही. वापरलेली चादर झटकावयाची नाही, कारण झटकल्याने जंतू हवेत उडतात. ती अंगाशी धरून न्यावयाची नाही आणि वॉर्डाच्या फरशीवर टाकावयाची नाही. रक्ताने वा मलाने भरलेले कपडे खाटेजवळच न गळणाऱ्या वेगळ्या पिशवीत बंद करावयाचे आणि त्यांची निवड वॉर्डात न करता धुलाईच्या जागीच करावयाची. मळलेले कपडे ज्या दाराने आत येतात त्या दाराने धुतलेले बाहेर जाऊ नयेत. दोहोंची गाडी एक असू नये. त्यानंतर येते उष्णता. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा दंडक ६५ अंश सेल्सिअसला किमान १० मिनिटे किंवा ७१ अंशांना किमान ३ मिनिटे असा आहे. जेथे यंत्र नाही तेथेही मार्ग आहे. मोठ्या पिंपात गरम पाणी व साबण घेऊन कपडे काठीने ढवळावेत, खळबळावेत, मग ०.०५ टक्के क्लोरिनच्या पाण्यात अर्धा तास ठेवावेत, पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढून उन्हात वाळवावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण मळ आधी निघाला नाही तर क्लोरिनची शक्ती मळातच खर्ची पडते. जे कपडे रक्ताने खराब होऊन टाकून द्यावयाचे, ते २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या वर्गात जातात, उकिरड्यावर नव्हे.

यात पांडित्य असे काही नाही. गावच्या परिटाची भट्टी हीच विद्या पिढ्यान् पिढ्या जाणत होती. सोड्यात भिजविलेले कपडे वाफेवर चढवून तो मळ सोडवीत असे. त्याच्या त्या ज्ञानाला समाजाने शास्त्राची प्रतिष्ठा कधी दिली नाही, एवढेच.

आता हा प्रश्न पेण आणि रोहे या दोन तालुक्यांच्या भूमीवर ठेवून पाहू. दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालये आहेत. त्यांवर विसंबणारा माणूस कोण? खारेपाटातील आगरी शेतकरी, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, डोंगरकडेच्या वाड्यांवरील ठाकूर आणि कातकरी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी बाईजवळ बहुधा अंगावरचे एक आणि दोरीवरचे एक, इतकीच लुगडी असतात. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने बाळंतिणीला औषध, तपासणी, आहार, रक्त आणि वाहन मोफत देऊ केले, हे स्वागतार्हच. स्वच्छ वस्त्र मात्र त्या यादीने गृहीत धरले. जेथे हे गृहीत खोटे ठरते, तेथे घरची गोधडी रुग्णालयात येते, जुन्या लुगड्याची दुपटी होतात आणि बाळंतिणीची आई वा सासू ती नळावर नाहीतर नदीवर धुते. तिचा बुडालेला रोज कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. सरकारने वाचविलेला पैसा प्रत्यक्षात वाचलेला नसतो. तो सर्वांत गरीब घरातील स्त्रीच्या विनामोल श्रमावर टाकलेला असतो.

धुण्याला पाणी लागते, वाळविण्याला कोरडी हवा. या भागाचे दुर्दैव असे की येथे दोन्ही आहेत आणि दोन्ही नाहीत. रायगडात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तरीही पेणच्या खारेपाटातील गावे वर्षानुवर्षे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी तिष्ठत आली आहेत. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नळाने नवी मुंबईला गेले. २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांच्या शेतकऱ्यांनी विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध जे मत नोंदविले, त्यामागे याच धरणाच्या लाभक्षेत्राचा प्रश्न होता. रोह्याची गोष्ट थोडी निराळी. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती राहते. परंतु रुग्णालयातील रक्ताळलेला कपडा नदीच्या घाटावर धुणे म्हणजे खालच्या गावाच्या पाण्यात रोग सोडणे होय. नदी वाहते म्हणून ती रुग्णालयाची मोरी ठरत नाही.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर कोकणात कपडा वाळत नाही, हे सांगावयास तज्ज्ञ नको. मूर्ती वाळण्यासाठी छप्पर आणि कोरडी हवा लागते, हे गणपतीच्या कारखान्यांच्या पेणला कोणी शिकवावयास नको. तीच गोष्ट चादरीची. दमट चादर घडी करून कपाटात ठेवली की धुतल्याचे सार्थक संपते; ओलीत जंतू पुन्हा वाढतात. दमट हवेत ब्लीचिंग पावडरचीही शक्ती उतरते. हिशेब साधा आहे. ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचे असते. प्रत्येक खाटेची चादर रोज बदलावयाची म्हटली आणि धुऊन परत येण्यास एक दिवस लागला, तर खाटेवर ३० आणि धुण्यात ३०, अशा किमान ६० चादरी हव्यात. वाळण्यास आणखी दोन दिवस लागू लागले, की तेवढ्याच खाटांना १२० लागतात. साठा ६० चाच असेल, तर चादर रोज बदलण्याचा नियम जुलैत आपोआप मोडतो. त्याचा दोष परिचारिकेचा नव्हे. कोकणाला लागणारा चादरींचा साठा विदर्भाच्या मापाने मोजता येत नाही, आणि कोकणातील रुग्णालयाला वाळवण-यंत्र ही चैन नाही.

या साऱ्या व्यवस्थेत जो माणूस चादर हातात घेतो, त्याचे काय? धुलाई-कामगाराला सर्वांत मोठा धोका असतो तो चादरीच्या घडीत विसरलेल्या सुईचा. शस्त्रक्रियेच्या खोलीत सुई कोणाकडून राहिली हे कधी कळत नाही. ती टोचते मात्र मोरीवर वाकलेल्या हाताला. ‘ब’ कावीळीविरुद्ध तीन मात्रांची लस उपलब्ध आहे. ती कंत्राटी धुलाई-कामगाराला मिळाली की नाही, याची नोंद ठेवण्याची जबाबदारी रुग्णालयाची की ठेकेदाराची, या वादात ती न मिळण्याचाच संभव अधिक. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मुळात २० कामगारांपासून लागू होई. नव्या संहितेने ती मर्यादा ५० वर नेली. तालुक्याच्या गावी धुलाईला दोन-चार माणसे असतात. एवढ्या लहान ठेक्याला ही तरतूद शिवतही नाही. २०२० च्या साथीत ज्यांना योद्धे म्हणून गौरविले, त्यांच्यापैकीच ही माणसे.

येथे जातीचा विषय टाळून चालणार नाही. बाळंतिणीचे कपडे कोणी धुवावयाचे, हे आपल्या समाजाने जन्मावर ठरवून ठेवले होते. परिटाच्या घरी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली; सरकारने २००० साली त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान काढले. पण स्वच्छतेचा गौरव आणि स्वच्छता करणाऱ्याची उपेक्षा एकाच वेळी करण्याची आपली सवय गेली नाही. याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी हा सर्वांचा हक्क आहे, असे डॉ. आंबेडकरांनी कृतीने सांगितले. त्या पाण्याने दुसऱ्याचा मळ धुणारा माणूस आजही आवश्यक सेवेच्या व्याख्येबाहेर असेल, तर तो धडा अर्धाच गिरवला गेला आहे.

याला एक उत्तर नेहमी दिले जाते: धुलाई यंत्राने व्हावी, जिल्ह्याचे एक मोठे केंद्र असावे, ठेकेदार ते कार्यक्षमतेने चालवील. यातील पहिला भाग मान्य करण्यास हरकत नाही. यंत्राने माणसाचा हात सुईपासून आणि मळापासून दूर होत असेल, तर यंत्र हवेच. समाजवाद्यांना यंत्राचे वैर नाही. अडचण दुसऱ्या भागात आहे. ठेका किलोवर किंवा नगावर दिला जातो. पाणी तापविण्यास इंधन लागते, इंधनाला पैसा लागतो, आणि थंड पाण्यात धुतलेली चादरही निळीने पांढरी दिसते. पांढरे आणि निर्जंतुक यांतील फरक डोळ्यांना दिसत नाही. जेथे मालाचा गुण ग्राहकाला पाहताच येत नाही, तेथे बाजारातील स्पर्धा गुण वाढवीत नाही, कमी करते, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे. सर्वांत स्वस्त निविदा भरणाऱ्याची बचत कोठून येते? पाण्याच्या तापमानातून आणि कामगाराच्या मजुरीतून. त्या बचतीची किंमत रुग्ण आपल्या अंगावर मोजतो.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. रुग्णालयातील धुलाई हे मुख्य काम मानून संहितेच्या त्या यादीतून वगळावे आणि ते करणाऱ्यास रुग्णालयाचा कायम कर्मचारी म्हणून घ्यावे. लस, जाड हातमोजे, गमबूट आणि सुई टोचल्यास तत्काळ उपचार ही जबाबदारी, ठेकेदार कोणीही असो, रुग्णालयाच्या प्रमुखावर ठेवावी. गरम पाण्याचे तापमान व वेळ यांची रोजची नोंदवही असावी आणि ती कोणाही नागरिकास पाहता यावी. कोकणातील रुग्णालयांना पावसाळ्याच्या हिशेबाने चादरींचा साठा व वाळवण-यंत्र द्यावे. पैसा नाही ही सबब टिकणारी नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सार्वजनिक खर्चाचे वचन २०२५ पर्यंत पाळावयाचे ठरविले होते. ते आधी पाळावे.

कार्यकर्त्यांना यासाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत आणि २००५ चा माहितीचा अधिकार आहे. पेण व रोहे येथील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारावेत: एकूण चादरी किती आहेत? पाणी किती अंशांपर्यंत तापते? धुणाऱ्या कामगाराला लसीच्या तिन्ही मात्रा कोणत्या तारखांना मिळाल्या? उत्तरे आली तर ती रुग्णालयाच्या दारावर लावावीत. आली नाहीत, तर अर्ज लावावा आणि त्याखाली रोज एक दिवस वाढवून लिहावा.