शुश्रूषागृहात शुश्रूषा कोण करते?

आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडपासून बाजारपेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर सात नर्सिंग होम आहेत. प्रत्येकाच्या दारावर डॉक्टरांचे नाव, नावापुढे पदव्या आणि खाली यंत्रांची यादी आहे. सोनोग्राफी, डिजिटल एक्स-रे, सी-आर्म, आय.सी.यू. एकाही फलकावर नर्सचे नाव नाही. नाव राहू द्या, आत किती नर्स आहेत हा आकडाही नाही. सरकारी मराठीत या संस्थेला 'शुश्रूषागृह' म्हणतात. ज्या कामावरून तिला हे नाव मिळाले, त्या कामाचाच फलकावर उल्लेख नसावा, आणि त्याचे जाणाऱ्या-येणाऱ्या कुणालाच नवल वाटू नये, हे मला खटकते.

शुश्रूषा चांगली की वाईट हे मोजायचे कसे, असे कुणी विचारील. डॉक्टरांचे यश दिसते. ऑपरेशन झाले, माणूस उठून चालू लागला. शुश्रूषेचे यश दिसत नाही, कारण ते 'काहीतरी झाले नाही' अशा स्वरूपाचे असते. तरी एक साधे माप आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला किंवा टाचेला जखम झाली का, एवढेच पाहावे. एकाच कुशीवर तासन् तास पडून राहिले की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, तिथे रक्त पोचत नाही आणि कातडी मरू लागते. हाच बेडसोअर. त्याला आळा घालणारी गोळी औषधाच्या दुकानात मिळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर कोरडी ठेवायची, अंग पुसायचे, पोटात नीट अन्न जाते ना हे पाहायचे, एवढाच त्याचा प्रतिबंध.

हे काम मनावर घेतले तर किती निभावता येते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात अमानुष हल्ला झाला. त्यातून त्या कधीच सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली चाळीसहून अधिक वर्षे त्या खाटेवर होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना एकही शय्याव्रण होऊ दिला नाही. दयामरणाच्या याचिकेवर मार्च २०११ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या सेवेची आवर्जून प्रशंसा केली. के.ई.एम. हे महापालिकेचे, गर्दीने गजबजलेले रुग्णालय. जुन्या परिचारिका निवृत्त झाल्या, नव्या आल्या, परंतु कूस बदलण्याची वेळ चुकली नाही.

चाळीस वर्षांचा हा हिशेब मनात ठेवून माझ्या आजोबांच्या बारा दिवसांकडे पाहावे.

गेल्या वर्षी आजोबांचा खुबा मोडला. वर सांगितलेल्यांपैकीच एका नर्सिंग होममध्ये त्यांना ठेवले. ऑपरेशन उत्तम झाले, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. डॉक्टरांच्या हाताला यश आहे. रात्री मी खाटेखाली सतरंजी टाकून झोपत असे. पुरुषांच्या त्या वॉर्डात चौदा खाटा होत्या. रात्री आठ ते सकाळी आठ दोन मुली असत. त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणत. दुसऱ्या रात्री आजोबा कण्हू लागले म्हणून मी एकीला उठवायला गेलो, तर ती जागीच होती आणि समोरच्या खाटेवरच्या माणसाची सलाईनची सुई निघाली होती ती बघत होती. ती म्हणाली, "दादा, दोघं मिळून वळवा ना त्यांना. मला चार ठिकाणी जायचंय." कसे वळवायचे, मोडलेला पाय कुठे धरायचा, हे तिने सांगितले नाही. ते तिलाही कुणी शिकवले नव्हते, हे मला पुढे कळले. आम्ही भीतभीत वळवत होतो, बहुतेक वेळा वळवतच नव्हतो. बाराव्या दिवशी घरी आणले तेव्हा माकडहाडाशी तळहाताएवढी जखम होती. डिस्चार्ज कार्डावर 'बेडसोअर, ग्रेड टू' असे इंग्रजीत लिहिले होते. आमच्या घरात ते वाचू शकणारा मी एकटाच. वडिलांना वाटले होते की ऑपरेशनचाच तो भाग असेल. हाड दोन महिन्यांत जुळले, जखमेने साडेपाच महिने घेतले.

आता जरा रात्रीचे गणित मांडू. समजा वॉर्डात पाच रुग्ण असे आहेत की त्यांना स्वतःची कूस बदलता येत नाही. बारा तासांच्या पाळीत प्रत्येकाला सहा वेळा वळवायचे, म्हणजे तीस वेळा. हे काम दोघींनी मिळूनच होते. एका खेपेला दहा मिनिटे धरली तरी तीनशे मिनिटे, म्हणजे दोन्ही मुलींचे पाच तास यातच जातात. उरलेल्या सात तासांत चौदाजणांची इंजेक्शने, सलाईन, ताप, रक्तदाब, लघवीची भांडी, उलट्या, आणि मध्यरात्री येणारा एखादा अपघात. त्यांनी बूड टेकायचे कधी? म्हणून हे काम मुकाट्याने नातेवाइकांकडे सरकते. आपल्याकडे रुग्णाजवळ माणूस बसणे ही आपुलकीची रीत आहे, आणि या रीतीवरच साऱ्या नर्सिंग होमची रात्रपाळी उभी आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे मोजमाप शिक्षणसंस्थेच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक प्रशिक्षित नर्स असे आहे. आमच्या वॉर्डात सात रुग्णांमागे एक मुलगी होती, आणि ती नर्सही नव्हती.

मग ती कोण? बारावी झालेली किंवा बारावी नापास, जवळच्या खेड्यातली, ओळखीने लागलेली. पहिले पंधरा दिवस जुन्या मुलीच्या मागे फिरायचे, मग सुई हातात. नर्स होण्यासाठी जी.एन.एम.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, ए.एन.एम.चा दोन वर्षांचा आहे, आणि त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. सिस्टर म्हणवून घ्यायला गणवेश पुरतो. शतकापूर्वी रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने मुलींना परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात पाठवले, तेव्हा पांढरपेशा समाजाने नाके मुरडली होती. तो विरोध पत्करून त्यांनी मिळवले ते शिक्षण. आज नाके कुणी मुरडत नाही, पण शिक्षणच गाळून टाकले आहे.

कायदा नाही असे मात्र नाही. १९४९ सालचा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम आहे. मी तो जिल्हा ग्रंथालयात बसून वाचला आणि चकित झालो. शुश्रूषागृहाचा कारभार तिथेच राहणाऱ्या पात्र डॉक्टरकडे किंवा पात्र नर्सकडे असावा, असे त्यात आहे. डॉक्टर 'किंवा नर्स'! पाऊणशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला नर्स ही संस्था चालवण्याच्या योग्यतेची वाटत होती. त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये पात्र नर्सेसचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते. खरी मेख या 'योग्य प्रमाण' शब्दांत आहे. योग्य म्हणजे किती, हे खाटेवरच्या माणसाला कळायला काहीही मार्ग नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र ठळक जागी लावावे लागते. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही भिंतीवर लावणे बंधनकारक केले. खोलीचे भाडे किती हे त्यामुळे वाचता येते. आज रात्री या मजल्यावर किती शिकलेल्या नर्स आहेत, हे वाचता येत नाही.

पैशाचाही प्रश्न काढतोच, कारण सगळे तिथे येऊन थांबते. आजोबांच्या बिलात 'नर्सिंग चार्जेस' रोजचे तीनशे रुपये होते. चौदा खाटा भरलेल्या असल्या तर दिवसाचे बेचाळीसशे, महिन्याचे एक लाख सव्वीस हजार होतात. त्या वॉर्डाच्या सगळ्या पाळ्या मिळून सहा मुली होत्या आणि प्रत्येकीला सात हजार मिळत, म्हणजे बेचाळीस हजार. उरलेले चौऱ्याऐंशी हजार कुठे जातात? सगळे डॉक्टरांच्या खिशात जातात असे मी म्हणणार नाही. खाटा नेहमी भरत नाहीत, इमारतीचे भाडे आहे, सी-आर्मच्या कर्जाचे हप्ते आहेत. पण मग बिलात तसे लिहा. शुश्रूषेच्या नावाखाली घेतलेल्या पैशातून यंत्राचे हप्ते फेडणे मला न्याय्य वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये निर्देश दिल्यावर केंद्र सरकारने एक समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला वीस हजारांहून कमी वेतन नसावे, अशी शिफारस तिने केली. सात हजारांपासून वीस हजार फार लांब आहेत.

डॉक्टरांची बाजू मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. ते म्हणतात, "शिकलेली नर्स तालुक्याला टिकत नाही. सहा महिने राहते, अनुभवाचा दाखला घेते आणि पुण्या-मुंबईला नाहीतर आखाती देशात जाते." हे खरे आहे. पण का जाते, याचे उत्तर आधीच्या परिच्छेदात आलेच आहे. माणूस पगाराकडे जातो. डॉक्टरही तालुक्यात आले ते इथे रुग्ण आहेत म्हणून.

काही मित्र म्हणतात, अप्रशिक्षित मुलींना एका झटक्यात काढून टाका. हा उपाय मला क्रूर वाटतो आणि निरुपयोगीही. क्रूर एवढ्यासाठी, की जखमेचा दोष त्यांच्यावर टाकून संस्था मोकळी होते, आणि सात हजारांवर ज्यांचे घर चालते त्या रस्त्यावर येतात. निरुपयोगी एवढ्यासाठी, की उद्या त्यांच्या जागी दुसऱ्या तशाच येतील. त्यांना 'सहायक' म्हणावे, गणवेशाचा रंग निराळा ठेवावा, इंजेक्शन त्यांच्या हाती देऊ नये. दर पाळीला निदान एक नोंदणीकृत नर्स त्यांच्या डोक्यावर असावी. आणि दारावरच्या फलकावर डॉक्टरांच्या नावाखाली त्या नर्सचे नाव व नोंदणी क्रमांक असावा. फलक रंगवायला असा कितीसा खर्च येतो? यंत्रांच्या यादीतली एक ओळ कमी केली तरी जागा होईल.

हे मी आपल्याच नियतकालिकात लिहितो, याला कारण आहे. आपल्या वर्गात दोघी जणी अशा आहेत की रात्री नर्सिंग होममध्ये 'सिस्टर' असतात आणि सकाळी साडेसातला अर्थशास्त्राच्या तासाला येऊन बसतात. प्राध्यापक मंडळींना त्या शेवटच्या बाकावर पेंगताना दिसत असतील. त्यांतल्या एकीला मी विचारले, "तू जी.एन.एम. का करत नाहीस? कला शाखेची बारावी चालते." तिने हे सगळे आधीच चौकशी करून ठेवले होते. सरकारी जागा थोड्या, गुण कमी पडले. खासगी संस्थेची फी झेपत नाही, आणि तीन वर्षे पगाराविना घर चालत नाही. नर्सिंग होमनेच तिला फी भरून शिकायला पाठवावे आणि बदल्यात तिने तीन वर्षे तिथेच काम करावे, असे मी सुचवले. डॉक्टरांची 'टिकत नाही' ही तक्रारही त्याने मिटली असती. तिने ते डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, बघू, दिवाळीनंतर. दिवाळी होऊन गेली. ती अजून रात्रपाळीलाच आहे, आणि तिच्या मजल्यावर सध्या कूस बदलता न येणारे चार रुग्ण आहेत.