‘मॉड्यूल सापडले नाही’ म्हणजे ‘मुलाला येत नाही’ असे नव्हे



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम घ्यावेत असे म्हटले आहे. आपल्या बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की पलीकडे गोव्यात सरकारी योजनेतून या वर्गांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवलेही जाते. आपल्याकडची मुलेही मोठ्या भावंडांच्या लॅपटॉपवर पायथन उघडून बसू लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. पण यातली कितीतरी मुले पहिल्या आठवड्यातच गप्प होतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. पडद्यावर लाल अक्षरांत येते, ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’. मूल म्हणते, “बाई, माका जमणा नाय.” आपण म्हणतो, “राहू दे, अभ्यास कर.”

माझे म्हणणे एवढेच आहे की हा संदेश मुलाच्या बुद्धीबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त सांगतो की लागणारी एक वस्तू इथे मिळाली नाही.

विज्ञानाच्या वहीत आपण प्रयोग कसा लिहून घेतो? आधी ‘साहित्य’, मग ‘कृती’. कृती अगदी बरोबर असली तरी लिटमस कागदच नसेल तर प्रयोग होणार नाही. पायथनचे तसेच आहे. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘इम्पोर्ट’ लिहून जे मागवतो ते साहित्य. ते संगणकाला सापडले नाही की तो तिथेच थांबतो आणि नाव घेऊन सांगतो, अमुक सापडले नाही. खरे तर किती प्रामाणिक मदतनीस!

मग करायचे काय? मुलाकडून हे प्रश्न क्रमाने सोडवून घ्या.

१) शेवटची ओळ काय म्हणते? लाल मजकूर लांबलचक असतो, म्हणून मूल घाबरते. त्याला शेवटची ओळ आधी वाचायला सांगा. तिथे न सापडलेल्या मॉड्यूलचे नाव असते. त्याच्या वर फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. ती ओळ मोठ्याने वाचून मराठीत अर्थ सांगायला लावा. अर्धे काम इथेच होते.

२) स्पेलिंग बरोबर आहे का? आपण गणिताला ‘मॅथ्स’ म्हणतो, पण पायथनमधले मॉड्यूल आहे ‘मॅथ’. शेवटचा एस खोडला की झाले, काही उतरवून घ्यायची गरज नाही. मुलांना हेही सांगा की घाईत चुकीच्या नावाचे पॅकेज उतरवणे धोक्याचे असते. प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादे अक्षर बदलून घातक प्रोग्रॅम ठेवून देणारे लोक आहेत.

३) वस्तू घरातली की बाजारातली? ‘मॅथ’, ‘रँडम’ ही पायथनबरोबरच येतात. ‘रिक्वेस्ट्स’सारखी पॅकेजेस ‘पिप’ने वेगळी आणावी लागतात.

४) दुकानातले नाव आणि वापरातले नाव एकच आहे का? प्रोग्रॅममध्ये ‘सीव्ही२’ लिहितात, पण इन्स्टॉल करताना ‘ओपनसीव्ही-पायथन’ म्हणावे लागते. ‘पीआयएल’साठी ‘पिलो’ आणावे लागते. इथे मोठी माणसेही अडकतात.

५) वस्तू कुठल्या पायथनमध्ये ठेवली? एका लॅपटॉपवर दोन पायथन असू शकतात. पॅकेज एकात जाते आणि प्रोग्रॅम दुसऱ्यात चालतो. म्हणून नुसते ‘पिप’ न लिहिता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ असे लिहायची सवय लावा (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचे). मग ज्या पायथनला हाक मारली त्याच्याकडेच वस्तू जाते.

दशावतारी कंपन्यांचे पेटारे आठवा. प्रत्येक कंपनीचा पेटारा वेगळा, एकाचे सामान दुसऱ्यात मिसळत नाहीत. पायथनमध्येही प्रत्येक प्रकल्पाला असा स्वतंत्र पेटारा देता येतो. त्याला व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट म्हणतात, आणि तो बनवणारे ‘व्हेन्व’ पायथन ३.३ पासून सोबतच मिळते. पेटाऱ्यात काय काय हवे याची यादी ‘रिक्वायरमेंट्स’ नावाच्या साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. आपल्या वहीतले ‘साहित्य’च ते!

गावात रेंज नसते, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय आहे. जिथे नेट चांगले आहे तिथे ‘पिप डाउनलोड’ने पॅकेजेस एका फोल्डरमध्ये उतरवा, पेन ड्राइव्हवर शाळेत आणा आणि पिपला ‘नेटवर जाऊ नको, या फोल्डरमधूनच घे’ असे सांगा. दोन्हीकडचे संगणक आणि पायथनची आवृत्ती सारखी असावी. एकच फाइल उचलून आणू नका, अख्खा फोल्डर आणा. एकट्या ‘रिक्वेस्ट्स’ला आणखी चार पॅकेजेस लागतात.

आता पालकांना आणि आपल्या सहकाऱ्यांना एक विनंती. मूल अडकले की माऊस स्वतःच्या हातात घेऊ नका. नेटवर सापडलेली आज्ञा अर्थ न कळता चिकटवू नका. सगळे काढून परत इन्स्टॉल करणे हा तर शेवटचा उपाय, पहिला नव्हे. पुण्या-मुंबईतल्या मुलाला शेजारी विचारायला कुणी इंजिनीअर सापडतो. आपल्या मुलांच्या शेजारी बहुतेक वेळा ती लाल ओळच असते. ती वाचता आली तर मूल स्वतःच्या पायावर उभे राहते, नाही आली तर चांगले डोकेसुद्धा लॅपटॉप मिटून उठते.

आपण पहिलीपासून वाचन शिकवतो ते कशासाठी? समोर लिहिलेले समजून पुढचे पाऊल ठरवता यावे म्हणूनच ना? मग चुकीचा संदेश वाचणे हासुद्धा भाषेचाच तास समजा. महागडा कोडिंग क्लास लावण्याआधी एवढे तरी घरी आणि वर्गात करून पाहा. आणि मूल “जमत नाही” म्हणाले, तर त्याला फक्त विचारा, “संगणकाला काय सापडत नाही, ते वाचून दाखव बघू.”