आधी जखम, मग मीमांसा

गेल्या पावसाळ्यात वाशिमच्या आमच्या वसाहतीत एक मांजर मागचा पाय ओढत आले. जखम होती, साक्षीदार नव्हता. लगेच सुशिक्षितांचे चर्चासत्र भरले : कुत्रा, मोटार की कुणाची काठी? कारण ठरेना म्हणून उपचारही ठरेनात. एकाने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी सुचवली. मांजराचे यकृत ते औषध निकामी करू शकत नाही. अर्धी गोळीही प्राणघातक ठरू शकते, हे कुणाच्या गावीही नव्हते.

कारण कळल्याविना करुणा नाही, ही अट विवेकाची नव्हे, आळसाची आहे. जाड टॉवेलात गुंडाळून, खोक्यात घालून पशुवैद्यकाकडे नेणे, एवढेच आपले काम. हाड मोडले का, हे क्ष-किरण सांगतात. दातांच्या खुणा केस कापल्यावर दिसतात. मांजर चावलेच तर जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन रेबीजची लस घ्यावी.

लीळाचरित्र शिकवणाऱ्यांना हे सांगावे लागावे? पारध्यांना भिऊन ससा श्रीचक्रधरांच्या मांडीखाली शिरला, तेव्हा तो आश्रयाला आला हेच पुरेसे होते. आपण मात्र त्या लीळेतली अहिंसा गुणांपुरती शिकवतो. मांजर मारल्यास काशीला सोन्याचे मांजर वाहावे, असे सांगणारा आपला समाज जिवंत मांजराच्या मलमपट्टीपाशी अडतो. मेल्यावर सोने, जिवंतपणी चौकशी!

त्या मांजराचा पाय सांधला. इजेचे कारण आजही ठाऊक नाही, आणि त्यावाचून त्याचे काही अडलेले नाही.