अ‍ॅबिंग्डनला टाळे कोणी ठोकले?

ब्रिटनचा मोटार उद्योग कामगारांच्या संपांनी बुडवला, असा डांगोरा भांडवली वृत्तपत्रे गेली चार-पाच दशके पिटीत आली आहेत. हे खापर कामगारवर्गाच्या माथी फोडणाऱ्यांनी एकदा तरी अ‍ॅबिंग्डनचे नाव घ्यावे. ते घेतले जात नाही, आणि त्याला कारण आहे.

ऑक्सफर्डजवळच्या या छोट्या गावात १९२९ पासून एम.जी. स्पोर्ट्‌स मोटारी तयार होत. १९६२ साली निघालेल्या एम.जी.बी.च्या पाच लाखांहून अधिक गाड्या या कारखान्याने बाहेर काढल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक अमेरिकेत खपल्या. तंटेबखेडे जवळजवळ नाहीत, अशी या कारखान्याची ख्याती होती. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने कारखान्याचा सुवर्णमहोत्सव साजरा केला. त्याच्या पताका उतरण्यापूर्वीच ब्रिटिश लेलँडने कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि ऑक्टोबर १९८० मध्ये हजाराहून अधिक कामगार घरी गेले.

मग टाळे ठोकले कोणी? १९५२ साली मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र आल्या, १९६६ साली त्यांत जॅग्वार मिळवली गेली, १९६८ साली हे सारे गाठोडे लेलँडच्या पदरात पडले. लेलँडने १९६१ सालीच ट्रायम्फ गिळली होती. कालपर्यंतच्या दोन प्रतिस्पर्धी स्पोर्ट्‌स मोटारी अशा एकाच धन्याच्या झाल्या. नवे भांडवल ट्रायम्फच्या टी.आर.-७ ला मिळाले, एम.जी.च्या नव्या गाडीचे आराखडे बासनात गेले. अठरा वर्षे मूळ सांगाडा तोच ठेवायचा, चढे व्याजदर व उत्तर समुद्रातील तेल यांनी पौंड वधारला की निर्यातीत तोटा येतो म्हणून ओरडायचे, आणि किंमत कामगाराकडून वसूल करायची! या कारभाराला इंग्रजीत रॅशनलायझेशन म्हणतात. मराठीत त्याचे ‘विवेकीकरण’ करताना लेखणी अडखळते. टी.आर.-७ चे तरी काय झाले? लिव्हरपूलजवळचा स्पीकचा कारखाना १९७८ साली बंद पडला, १९८१ साली ती गाडीही संपली. स्पीकला मोठा संप झाला होता, अ‍ॅबिंग्डनला झाला नव्हता. टाळे दोन्हीकडे लागले.

१९७५ साली कंपनी सरकारच्या ताब्यात आली होती, हे खरे. पण भागभांडवल सरकारचे झाले, निर्णय मात्र वरच्या व्यवस्थापकांचेच राहिले. कारखाने बंद करण्याच्या योजनेला विरोध करणाऱ्या पत्रकावर सही केली म्हणून लाँगब्रिजचे कम्युनिस्ट कामगार-नेते डेरेक रॉबिन्सन यांना नोव्हेंबर १९७९ मध्ये बडतर्फ करण्यात आले. राष्ट्रीयीकरण म्हणजे काय, हे सांगायला एवढा एक प्रसंग पुरे.

पुढचा व्यवहार बाजारातल्या जनावरासारखा झाला. १९८८ साली ब्रिटिश एरोस्पेसने १५ कोटी पौंडांना घेतले, १९९४ साली बी.एम.डब्ल्यू.ने ८० कोटींना, आणि २००० साली चार व्यावसायिकांच्या गटाने अवघ्या दहा पौंडांना. २००५ साली कंपनी कोसळली आणि सुमारे सहा हजार कामगार रस्त्यावर आले. तोवर या चौघांनी व मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने वेतन व निवृत्तिवेतनापोटी सुमारे ४.२ कोटी पौंड उचलले होते.

अष्टकोनातील ती दोन अक्षरे मात्र चिनी कंपनीने विकत घेतली. २०१९ पासून ती गुजरातेतील हालोलच्या कारखान्यात बनलेल्या गाड्यांवर मिरवू लागली. २०२३ साली मुंबईच्या जे.एस.डब्ल्यू. समूहाने त्या धंद्यात भागीदारीचा करार केला. आणि लाँगब्रिजच्या कामगारांना कबूल केलेल्या विश्वस्त निधीत शेवटी माणशी अवघे काही पौंड उरले.